पारंब्या फुटलेले नेतृत्व

नेतृत्वाची चर्चा निघाली की आपल्याकडे वक्तृत्व आणि कर्तृत्व या दोन गुणांचा गौरव होतो. तिसरा एक गुण बहुधा अनुल्लेखित राहतो. तो म्हणजे वर्षानुवर्षे एका कामाला चिकटून राहण्याचा चिवटपणा आणि त्याच काळात भोवतालच्या माणसांना उभे करण्याची हातोटी. हे दोन्ही एकत्र नांदणे कठीण असते. चिवट माणूस पुष्कळदा एकांडा होतो. सगळ्यांना सांभाळून घेणारा पुष्कळदा वाटेतच थांबतो. संस्था काढणारी माणसे महाराष्ट्रात कमी झाली नाहीत, परंतु संस्थापकाच्या पश्चात ज्यांचे काम वाढतच राहिले अशा संस्था मोजक्याच निघतात, त्याचे कारण येथे शोधावे लागते.

अशा मोजक्या संस्थांपैकी एकीचा उगम कराड तालुक्यातील काले या गावी झाला. 4 ऑक्टोबर 1919 रोजी भाऊराव पाटील यांनी तेथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. 1887 साली कुंभोज येथे जन्मलेले भाऊराव स्वतः मॅट्रिकची परीक्षाही उत्तीर्ण झालेले नव्हते. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्याच्या निमित्ताने त्यांनी खेडी पायाखाली घातली होती. शेतकऱ्याच्या घरातील दारिद्र्य आणि अज्ञान यांची सांगड त्यांनी पुस्तकात वाचली नव्हती, ओसरीवर बसून पाहिली होती.

1924 साली संस्थेचे मुख्य ठाणे साताऱ्याला हलले आणि तेथील वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एका पंक्तीत जेवू लागली. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. समारंभाची ही तारीख इतिहासात नोंदली गेली. मात्र त्या पंक्तीला रोज वाढणाऱ्या हातांची नोंद तितक्या ठळकपणे झाली नाही. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या लक्ष्मीबाई पाटील यांनी त्या सर्व मुलांना पोटच्या मुलांसारखे मानले. धान्य संपले तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, आणि अखेरीस मंगळसूत्रही. 1930 साली त्या निवर्तल्या. संस्थेचा विस्तार पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. पुढाऱ्याच्या चिकाटीचे गोडवे गाताना ती चिकाटी कोणाच्या त्यागावर उभी होती, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. इतरांना धीर देणाऱ्यालाही धीर देणारे कोणीतरी लागते.

श्रमाचे भांडवल

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर भाऊरावांपुढील अडचण भांडवलाची होती. शिक्षण हवे असणारे असंख्य आणि पैसा मूठभर. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा आजही विचार करायला लावणारा आहे. मुष्टिफंडाच्या रूपाने घराघरांतून मूठ मूठ धान्य जमा होऊ लागले. दुसरीकडे, 'कमवा आणि शिका' या योजनेने विद्यार्थ्याचे श्रम हेच भांडवल ठरवले. मुलांनी शेते कसली, रस्त्यांची कामे केली, इमारती उभारल्या.

या योजनेत केवळ काटकसर पाहणे अपुरे होईल. फुकट मिळालेले अन्न घेणाऱ्याची मान खाली घालते. कष्टाचा घास ती ताठ करतो. गरीब मुलाच्या पाठीवर शाबासकीची थाप मारणे सोपे असते. त्याच्यावर जबाबदारी टाकणे आणि ती तो पेलील असा भरवसा ठेवणे अवघड असते. खरे प्रोत्साहन या दुसऱ्या प्रकारात मोडते.

1935 साली साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज निघाले आणि खेड्यातील तरुणांना खेड्यातच शिक्षक होण्याचे दार उघडले. संस्थेच्या व्हॉलंटरी शाळांची संख्या 1949 पर्यंत 578 वर गेली. पुढे या शाळा स्कूल बोर्डाकडे सोपविण्यात आल्या. वाढवलेले काम हातातून सोडणे हीदेखील नेतृत्वाची कसोटी असते. मालकीचा मोह तेथे भल्याभल्यांना आवरत नाही.

परीक्षेचा काळ

1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले, आणि 1948 मध्ये मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान रोखले. साठीला आलेल्या भाऊरावांपुढे शेकडो शिक्षकांचा आणि हजारो मुलांचा प्रश्न उभा राहिला. अशा वेळी एखादा नेता हात टेकतो, एखादा त्रागा करून उरलेसुरले मित्रही गमावतो. भाऊराव पुन्हा जनतेच्या दारी गेले. संत गाडगेमहाराजांनी संस्थेसाठी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. आयुष्यभर इतरांना आधार देणाऱ्या माणसाला आधार घेण्यात कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट त्या अनुदानाहून मोलाची म्हणावी लागेल. 1954 साली संस्थेने कराडला महाविद्यालय काढले, त्याला सद्गुरू गाडगेमहाराजांचे नाव दिले गेले. ज्या तालुक्यात संस्थेचा जन्म झाला, तेथेच ही कृतज्ञता रुजली.

1959 साली पुणे विद्यापीठाने मॅट्रिक न झालेल्या या शिक्षणमहर्षीला डी.लिट. देऊन गौरविले, त्याच वर्षी 9 मे रोजी भाऊरावांचे निधन झाले. काम मात्र थांबले नाही. त्यांच्याच वसतिगृहांतून वाढलेल्या माणसांनी ते पुढे नेले.

आज शाळेपासून सहकारी सोसायटीपर्यंत सर्वत्र एक तक्रार ऐकू येते : 'सगळे मलाच पाहावे लागते, माझ्यावाचून कोणाचे काही हलत नाही.' या वाक्यात थकवा असतो, तसा छुपा अभिमानही असतो. वास्तविक वीस वर्षांच्या पुढारीपणानंतरही आपल्यावाचून काही हलत नसेल, तर ती आपल्या नेतृत्वावरची सर्वांत कडक टीका आहे. मुख्याध्यापकाने नवख्या शिक्षकावर किंवा हेडक्लार्कने हाताखालच्या कारकुनावर एखादे काम पूर्णपणे सोपवून पाहावे. प्रारंभी चुका होतील, वेळही जाईल. परंतु शिकवण्याचा खर्च टाळणारा शेवटी एकटेपणाची किंमत मोजतो.

रयत शिक्षण संस्थेने आपले बोधचिन्ह म्हणून वटवृक्ष निवडला. वडाच्या सावलीत दुसरे झाड वाढत नाही, असे म्हणतात आणि पुष्कळ थोरांच्या बाबतीत ते खरेही ठरते. पण वडाला पारंब्याही फुटतात. त्या जमिनीला टेकल्या की खोडासारख्या जाड होतात आणि मूळ वृक्षाचा भार स्वतः पेलतात. नेत्याने दीर्घकाळ उभे राहायचे ते या पारंब्या जमिनीला टेकेपर्यंत.