वस्तऱ्याचा दगड: नाव नको, कण पाहा

दिवा गावाजवळच्या पारसिक डोंगराचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. पण कोयत्या-विळ्याला चालतो तो दगड वस्तऱ्यालाही चालेल, हा तर्क टिकत नाही. बेसॉल्टमध्ये कमी-जास्त कठीण खनिजे असतात, अनेकदा पोकळ्याही. कोयत्याला खरखरीत धार पुरते. वस्तऱ्याची धार मात्र अशा दगडावर दातेरी होते आणि कातडी सोलवटते. त्याला बारीक, एकसारख्या कणांचाच दगड हवा: अमेरिकेतल्या आर्कान्सासचा जवळजवळ शुद्ध सिलिकाचा नोव्हाक्युलाइट किंवा बेल्जियमचा, गार्नेटचे सूक्ष्म कण असलेला कोटिक्यूल.

कृत्रिम दगडावर कणांचा क्रमांक छापलेला असतो, मग नैसर्गिक कशाला, हा आक्षेप रास्त आहे. बोथट वस्तऱ्याला आधी कृत्रिमच बरा. पण कोटिक्यूल एकटाच दोन कामे करतो: स्वतःच्या चिखलासह झपाट्याने घासतो, नुसत्या पाण्यावर हळुवार. खाणीतला प्रत्येक तुकडा मात्र वेगळा, म्हणून नख फिरवून पाहावे. खडा किंवा चीर जाणवली तर तो नाकारावा. वापरताना पाठ व धार दोन्ही टेकवून, धार पुढे ठेवून, दाब न देता वस्तरा सरकवावा. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे.