मोबाइल ठेवतो आपला हिशेब

काल दिवसभरात आपण मोबाइल किती वेळा हातात घेतला? ‘छे! घरकामातून फुरसत कुठे मिळते? फार तर पंधरा-वीस वेळा,’ असेच बहुतेकजणी म्हणतील. त्या खोटे बोलत नसतात, पण त्यांचा अंदाज मात्र चुकलेला असू शकतो.

लोक काय वाचतात, काय पाहतात हे जाणून घेण्यासाठी अभ्यासक पूर्वी प्रश्नावली भरून घेत किंवा रोजनिशी लिहायला सांगत. सारी भिस्त स्मरणशक्तीवर. आता हे काम खुद्द मोबाइलच करतो. ब्रिटनमध्ये २३ तरुणांच्या मोबाइलवर दोन आठवडे एका अ‍ॅपने नोंदी ठेवल्या. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपण दिवसातून सुमारे ३७ वेळा मोबाइल पाहतो, असा त्यांचा सरासरी अंदाज होता. प्रत्यक्षात नोंद निघाली सुमारे ८५ वेळांची! त्यातही निम्म्याहून अधिक वेळा मोबाइल ३० सेकंदसुद्धा वापरलेला नव्हता. वेळ पाहिली, निरोप वाचला, ठेवून दिला. अशी ओझरती नजर लक्षात राहणार कशी?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे बायरन रीव्ह्ज आणि त्यांचे सहकारी आणखी खोलात शिरले. त्यांच्या अभ्यासात मोबाइल चालू असताना दर पाच सेकंदांनी पडद्याचे चित्र टिपले जाते. त्यामुळे किती वेळ गेला एवढेच नव्हे, तर तो अभ्यासात गेला, गप्पांत की खेळात, हेही कळते. अर्थात, सहभागी व्यक्तीची संमती घेतलेली असते. पण तिला आलेला मैत्रिणीचा खासगी निरोपही चित्रात येतो, त्याचे काय? म्हणूनच ही माहिती काटेकोरपणे जपावी लागते.

घरीही हा प्रयोग करता येईल. रात्री जेवणानंतर प्रत्येकाने आपापला अंदाज कागदावर लिहावा. मग अँड्रॉइडच्या सेटिंग्जमधील ‘डिजिटल वेलबीइंग’ किंवा आयफोनमधील ‘स्क्रीन टाइम’ उघडून आकडा ताडून पाहावा. मात्र एक पथ्य पाळावे. मुलांचे मोबाइल चोरून तपासू नयेत आणि सुरुवात आई-बाबांनी स्वतःपासून करावी. ‘सारखा मोबाइल घेऊन बसतोस!’ असे मुलाला रागावण्याआधी आपला आकडा त्याच्यासमोर ठेवलात, तर तोही आपला आकडा लपवणार नाही.