सीमारेषेबाहेरचे क्रीडाप्रेम

माजी विद्यार्थ्यांच्या यंदाच्या मेळाव्यात सामुदायिक वंदना झाली, सत्कार झाले, भोजने उरकली, आणि सायंकाळी चाळीस-पन्नास मंडळी क्रीडांगणाच्या पायऱ्यांवर बसून राहिली. समोर वसतिगृहातील मुले खेळत होती. बोलणे साहजिकच खेळाकडे वळले. कोणीतरी सुचविले की प्रत्येकाने थोडक्यात सांगावे: आपण कोणत्या घरातून आलो आणि खेळाचा हा आयुष्यभराचा नाद आपणांस नेमका कोठे लागला.

एस.टी.त वाहक म्हणून सेवा केलेले एक गृहस्थ म्हणाले, गावात क्रिकेट चाले ते वरच्या आळीच्या पटांगणावर. चेंडू ओढ्यापलीकडे आमच्या वस्तीकडे आला की तो उचलून परत फेकायचा, एवढाच आमचा खेळ. एका परिचारिका भगिनीने सांगितले की भावाची कबड्डी पाहण्यासाठी ती पाण्याची कळशी बाजूला ठेवून उभी राही, आणि घरी गेल्यावर उशिराबद्दल बोलणी खाई. पुढे एशियाडमध्ये 1990 साली पुरुषांची कबड्डी आली. महिलांची यावयास 2010 साल उजाडले. ती वीस वर्षे तिने मोजली होती. एका गिरणी कामगाराच्या मुलास परळच्या इराण्याच्या हॉटेलाबाहेरची गर्दी आठवत होती. आत बसायचे तर चहा घ्यावा लागे, म्हणून वडील त्याला खांद्यावर घेऊन बाहेरच उभे राहून रेडिओवरील समालोचन ऐकत. आमच्या पिढीची आठवण 25 जून 1983 च्या रात्रीची. त्रिशरण-पंचशील होऊन दिवे मालवले गेले होते, परंतु अधीक्षकांनी आपला ट्रान्झिस्टर खिडकीत ठेवला. 183 धावा करणाऱ्या भारताने वेस्ट इंडीजचा डाव 140 धावांत संपविला, तेव्हा अंधारात साठ मुले एकदम उठून उभी राहिली.

या सर्व आठवणींत एक गोष्ट समान आहे. आमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाने खेळ प्रथम पाहिला तो बाहेरून: ओढ्यापलीकडून, हॉटेलाच्या दारातून, खिडकीखालून. मैदानात पाऊल पडले ते नंतर, आणि कित्येकांचे कधी पडलेच नाही. तरीही प्रेम जडले आणि टिकले.

गप्पांच्या ओघात एका शिक्षकाने प्रस्ताव मांडला की शाळेच्या क्रीडासाहित्याच्या खोलीत पालवणकर बाळू यांचे चित्र लावावे. त्यावर एका ज्येष्ठ माजी विद्यार्थ्याने शांतपणे विचारले, "जो माणूस बाबासाहेबांच्या विरोधात निवडणुकीस उभा राहिला, त्याचे चित्र आपल्या शाळेत कशासाठी?" पायऱ्यांवर शांतता पसरली. प्रश्न योग्य होता आणि त्या सायंकाळी आम्हांस त्याचे नीट उत्तर देता आले नाही. इतिहासाचे विद्यार्थी या नात्याने ते येथे देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

पालवणकर बाळू यांचा जन्म 1876 साली धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने मुलांचे बालपण पुण्यात गेले. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि धाकटे बंधू शिवराम क्रिकेट शिकले. म्हणजे त्यांची सुरुवातही आमच्या वाहक मित्रासारखीच, दुसऱ्याचा चेंडू उचलण्यापासून झाली. पुण्यातील पारशी क्रिकेटपटूंच्या क्लबात त्यांना दरमहा 3 रुपयांवर खेळपट्टी झाडण्याचे आणि रोलर फिरविण्याचे काम मिळाले. पुढे युरोपियनांच्या क्लबात 4 रुपये मिळू लागले. तेथे सदस्यांच्या सरावासाठी चेंडू टाकणे हेही नोकराचेच काम असे. बॅट मात्र नोकराच्या हाती दिली जात नसे. जे. जी. ग्रेग हे त्या काळचे नामांकित इंग्रज फलंदाज. ते बाळूंच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करीत आणि बाद झाल्यास दर वेळी त्यांना आठ आणे देत, असे सांगितले जाते. या अखंड चाकरीतून डावखुऱ्या संथ फिरकीचा एक महान गोलंदाज घडला.

फिरकीचे मर्म ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. वेगवान गोलंदाज फलंदाजास विचार करण्यास वेळ देत नाही. संथ गोलंदाज भरपूर वेळ देतो आणि त्या वेळेतच त्याला चुकवितो. डावखुऱ्या गोलंदाजाने बोटांनी फिरविलेला चेंडू टप्पा पडल्यावर उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजापासून दूर जातो. एखादा चेंडू मात्र न वळता सरळ आत येतो. कोणता वळेल आणि कोणता सरळ येईल, हे हातावरून ओळखू येऊ नये, यातच खरे कौशल्य असते. त्यासाठी दिशेवर आणि टप्प्यावर हुकमत हवी, आणि ती केवळ हजारो वेळा चेंडू टाकूनच येते. नोकर म्हणून चेंडू टाकता टाकता बाळूंनी ती मिळविली.

पुण्यातील हिंदू क्लबास युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळू हवे होते. त्यांना संघात घेण्यात आले. मैदानावर सहकारी त्यांच्या हातचा चेंडू झेलत. चहाच्या वेळी मात्र त्यांना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवणाचे ताट वेगळे मांडले जाई. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता. पुढे प्लेगच्या काळात हे कुटुंब मुंबईस आले आणि बाळू तेथील हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी 1906 मध्ये मुंबई जिमखान्याच्या मैदानावर हिंदूंनी युरोपियन संघास 109 धावांनी पराभूत केले. त्या विजयी संघात बाळू आणि शिवराम हे दोघेही होते. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाने बहुतेक सामने गमावले, परंतु बाळूंनी त्या दौऱ्यात एकूण 114 बळी मिळविले.

आता प्रेक्षकांकडे वळू, कारण आपला विषय त्यांचा आहे. मुंबईतील हे सामने धर्मवार संघांत होत: प्रथम युरोपियन, पारशी आणि हिंदू, 1912 पासून मुस्लिम, आणि 1937 पासून 'इतर' या नावाचा पाचवा संघ. प्रत्येक समाजाने आपापल्या संघाच्या नावाने टाळ्या वाजवाव्यात अशी ही रचना होती. अशा वेळी मैदानाभोवतीच्या झाडावर चढून सामना पाहणाऱ्या अस्पृश्य कामगाराने कोणता संघ आपला मानावयाचा? संघाचे नाव 'हिंदू', परंतु त्या नावाच्या देवळात त्यास प्रवेश नव्हता. त्याने स्वतःपुरते उत्तर शोधले असावे, असे आम्हांस वाटते: संघ कोणाचाही असो, चेंडू टाकणारा हात आपला आहे. हे आमचे अनुमान आहे. परंतु एक गोष्ट त्यास पुष्टी देते. इंग्लंडहून परतलेल्या बाळूंचा मुंबईतील अस्पृश्य समाजाने सत्कार केला, आणि त्या वेळचे मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजातील तरुण विद्यार्थी भीमराव आंबेडकर यांनी लिहिले, असे चरित्रकार नोंदवितात. म्हणजे बाळूंच्या चाहत्यांत खुद्द बाबासाहेब होते.

बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच रीतसर देण्यात आले नाही. 1920 साली या अन्यायाच्या निषेधार्थ विठ्ठल आणि शिवराम या बंधूंनी संघातून माघार घेतली, आणि हा वाद जाहीर झाला. अखेर 1923 साली धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने स्पर्धा जिंकली. विठ्ठल यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले आहे. या बंधूंविषयी आज जे ठाऊक आहे त्यातील पुष्कळसे त्यामुळेच टिकले.

येथपर्यंतची कथा ऐकावयास सुखद आहे. परंतु ज्येष्ठ बंधूंचा प्रश्न याच्या पुढे सुरू होतो. 1932 साली विभक्त मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू हे एम. सी. राजा यांच्यासह संयुक्त मतदारसंघाच्या बाजूस होते. 1935 साली येवल्यास बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तिलाही त्यांनी विरोध केला. 1937 च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत ते काँग्रेसच्या वतीने बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले. बाबासाहेबांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225. हे आकडे लपविण्यात अर्थ नाही. ज्यांनी पुढे 1956 साली नागपुरास दीक्षा घेतली त्या समाजाच्या शाळेत तर मुळीच नाही.

दोघांत अंतर कोठे पडले? आमच्या मते, बाळूंचा सारा जीवनानुभव असा होता की गुण दाखविले की दारे हळूहळू उघडतात. पुण्यात मातीचे भांडे होते, मुंबईत वागणूक थोडी सुधारली, भावाला कर्णधारपद मिळाले. ज्याने हे स्वतः भोगले आणि बदलताना पाहिले, त्याने सवर्णांच्या हृदयपरिवर्तनावर विश्वास ठेवावा, हे समजू शकते. बाबासाहेबांनी त्याच गोष्टीकडे दुसऱ्या बाजूने पाहिले. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेताना त्यांनी कोणतेही कर्तृत्व सिद्ध करून दाखविण्याची अट मान्य केली नाही. पाणी पिण्याचा हक्क माणसाला माणूस म्हणून असतो. तो 114 बळी घेऊन मिळवावयाचा नसतो. आणि ज्याच्या हातात फिरकी नाही, त्या सामान्य माणसाच्या कपाचे काय? या प्रश्नास बाळूंच्या मार्गात उत्तर नव्हते. म्हणून त्या निवडणुकीत आम्ही कोणाच्या बाजूचे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही.

मग चित्र का लावावयाचे? याचे उत्तर आम्हांस खेळाच्या प्रेमानेच दिले. खरा क्रीडारसिक प्रतिपक्षाच्या उत्तम चेंडूसही दाद देतो. आपला फलंदाज बाद झाला याचे दुःख एका बाजूस आणि चेंडू अप्रतिम होता ही कबुली दुसऱ्या बाजूस, असे दोन्ही तो एकाच क्षणी मनात धरू शकतो. धम्मात मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना सांगितल्या आहेत. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या यशाने होणारा निर्मळ आनंद. उपेक्षा म्हणजे बेपर्वाई नव्हे, तर जय-पराजयात न ढळणारी समवृत्ती. दररोज सकाळी मुलांना या भावना समजावून सांगताना शब्द अपुरे पडतात. क्रीडांगणावर मात्र त्या दिसतात. हरलेल्या संघातील मुलगा जिंकलेल्याशी हात मिळवितो, तेव्हा मुदितेचा पाठ फळ्यावाचून पूर्ण होतो.

ओढ्यापलीकडून चेंडू परत फेकणाऱ्या आमच्या मित्रास त्या पटांगणावर कोणी बोलाविले नव्हते. तरी तेथील एखादा सुंदर फटका पाहून त्याच्या तोंडून दाद निघे, असे तो सांगतो. ज्यांनी बाहेर ठेवले त्यांच्या खेळालाही दाद देणारे मन लाचार नव्हते, ते मोठे होते. मात्र त्या मनाने अन्याय विसरता कामा नये. आयुष्यभराच्या क्रीडारसिकास धावफलक पाठ असतो. आपणांस इतिहासाचा धावफलकही पाठ असावयास हवा, आणि त्यातील पराभवाच्या नोंदी पुसून चालणार नाही.

हे सर्व आम्ही त्या ज्येष्ठ बंधूंना नंतर पत्राने कळविले. त्यांचे उत्तर दोन ओळींचे आले: चित्र लावा, पण 1937 सालही खाली लिहा. ही सूचना शाळेने मान्य केली आहे. चित्राखाली मुलांना वाचता येईल अशा अक्षरांत चार गोष्टी असतील: दरमहा 4 रुपयांची चाकरी, मंडपाबाहेरचे मातीचे भांडे, इंग्लंडमधील 114 बळी, आणि बाबासाहेबांविरुद्धची निवडणूक. कोणी विद्यार्थ्याने विचारले की हा माणूस आपला की परका, तर शिक्षकांनी तयार उत्तर देऊ नये. आधी त्या चारही ओळी वाचून घ्याव्यात.

माजी विद्यार्थी आणि पालक यांना एक विनंती. आपण खेळाच्या नादी कसे लागलो, ही आठवण प्रत्येकाने एका पानावर लिहून शाळेच्या ग्रंथालयाकडे पाठवावी. विठ्ठल यांनी लिहिले म्हणून पालवणकर बंधू आपणांस कळले. झाडावर बसून सामना पाहणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांनी काय पाहिले, हे कोणी लिहून ठेवले नाही, आणि ते आता कळण्याचा मार्ग उरलेला नाही.

जयभीम.