काडतूस, पिस्तुलाचे जुने
पिस्तुलाचे जुने काडतूस केवळ नावावरून ओळखता येत नाही. पुंगळीची लांबी, गोळीचा व्यास, बुडाची कड व त्यावरील ठसा पाहावा लागतो. खडकी (पुणे) येथील दारूगोळा कारखान्याच्या (स्थापना १८६९) काडतुसांवर ‘केएफ’ ही रोमन अक्षरे आढळतात. ब्रिटिश सैन्याचे ०·३८० इंची रिव्हॉल्व्हरचे काडतूस ०·३८ स्मिथ अँड वेसनपासून निघाले. त्याची कड पुंगळीबाहेर येते. १९०८ चे ०·३८० स्वयंचलित पिस्तुलाचे काडतूस (९ मिमी. आखूड) मात्र अधिक आखूड व बाहेर कड नसलेले असते. ०·३८ स्पेशलची पुंगळी या दोहोंहून लांब असते. तीच सु. ३ मिमी. वाढवून १९३५ मध्ये ०·३५७ मॅग्नम निघाले. अधिक दाबाचे हे काडतूस जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसू नये व अपघात टळावा, हा लांबी वाढविण्यामागील हेतू होता.