दोन लाव्हांमधली उसंत

नागपूर शहर दोन दगडांवर वसले आहे. पश्चिमेला टाकळी, सेमिनरी हिल्स, फुटाळा या भागात दख्खनचा काळा बेसाल्ट आहे, तर पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुना, पट्टेदार नाइस. सह्याद्रीत हजार-दीड हजार मीटर उंचीचे डोंगर उभे करणारे लाव्हाचे थर पूर्वेकडे पातळ होत जातात आणि नागपूरच्या आसपास त्यांची हद्द संपते. नागपुरातली धंतोली ही वस्ती या हद्दीच्या अगदी जवळ. इथून पायी थोड्याच अंतरावर बर्डीची टेकडी आहे. 1817 च्या नोव्हेंबरात अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई झाली ती हीच टेकडी. ती बेसाल्टची आहे आणि तिचा दगड सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनासोर पृथ्वीवरून गेले त्या सुमाराचा.

पृथ्वीवर आजवर पाच महाविनाश झाले असे भूशास्त्र मानते. ऑर्डोव्हिशियनच्या शेवटी, सुमारे 44 कोटी वर्षांपूर्वी पहिला. डेव्होनियनच्या उत्तरार्धात, सुमारे 37 कोटी वर्षांपूर्वी दुसरा. पर्मियनअखेरीस, 25 कोटी 20 लाख वर्षांपूर्वी तिसरा आणि सर्वांत भीषण. ट्रायासिकच्या शेवटी, 20 कोटी वर्षांपूर्वी चौथा आणि क्रिटेशसअखेरीस पाचवा. यांपैकी दोन महाविनाशांच्या काळातले खडक नागपूरच्या अवतीभवती आहेत. सहाव्याची चर्चा आज जगभर चालू असताना घरचे हे दस्तऐवज आधी वाचून पाहायला हवेत.

पाद्री आणि खदानी

हे दस्तऐवज पहिल्यांदा नीट वाचले स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश पाद्र्याने. 1845 मध्ये तो नागपुरात आला. धर्मप्रचार आणि शाळा हे त्याचे काम. पण उरलेल्या वेळात तो आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर खदानी पालथ्या घालत. 1855 मध्ये या दोघांचा नागपूर परिसरातल्या भूरचनेवरचा आणि जीवाश्मांवरचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. टाकळीच्या खडकातले शंख, बिया, फळे, माशांचे खवले, भुंग्यांच्या पंखांची कवचे असे बरेच काही या मंडळींनी गोळा करून विलायतेला पाठवले. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या ओढ्यात हिस्लॉप बुडाला. नागपूरकरांना त्याचे नाव कॉलेजमुळे ठाऊक आहे, खडकांमुळे फारसे नाही.

टाकळी आणि गिट्टीखदान या आज पूर्णपणे वस्तीत गेलेल्या भागांत लाव्हाच्या दोन थरांमध्ये चिकणमातीचा आणि चर्ट या कठीण, गारगोटीसारख्या दगडाचा पातळ पट्टा सापडतो. भूशास्त्रज्ञ त्याला 'इंटरट्रॅपियन' म्हणतात. चर्टच्या तुकड्यात बहुधा भेटते ती फायसा नावाची गोगलगाय. शंखाचे टोक वर धरले तर बहुतेक गोगलगायींचे तोंड उजवीकडे उघडते, हिचे डावीकडे. ती गोड्या, संथ पाण्यात राहणारी. गिट्टीखदानच्या थरातून पुढे, 1984 मध्ये मासे आणि बेडूक यांचे बारीक अवशेष प्रसिद्ध झाले; टाकळीतून डायनासोरच्या अंड्यांच्या कवचांचे तुकडे मिळाले. थोडक्यात, इथे तळे होते, काठाला झाडी होती आणि काठावर अंडी घालणारे डायनासोर होते. खाली लाव्हा, वर लाव्हा, मध्ये नांदते तळे.

या मधल्या थराकडे आपले लक्ष जात नाही, कारण ज्वालामुखी म्हटले की सतत धगधगणारा डोंगर डोळ्यांपुढे येतो. दख्खनचा उद्रेक तसा नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडत, त्यांतून पातळ लाव्हा वाहून शेकडो किलोमीटर पसरे, थंड होई आणि मग पुढचा लोट येईपर्यंत मोठी उसंत मिळे. कधी शेकडो, कधी हजारो वर्षांची. हे थर आज सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर उरले आहेत. त्यांतला बराचसा लाव्हा दहाएक लाख वर्षांच्या आत बाहेर पडला. प्रत्येक उसंतीत पाऊस पडला, खोलगट जागी तळी साचली आणि ज्या भागापर्यंत लाव्हा पोचला नव्हता तिथून बी, शेवाळ, गोगलगाय, मासा, बेडूक परत आले. छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानच्या अशाच थरांत ताडवर्गीय झाडांचे खोड आणि फळे सापडली; बिरबल साहनींनी त्यांचा अभ्यास केला. तिथे निपा या खाडीकाठच्या ताडाचे फळही मिळाले. त्याच जिल्ह्यातल्या झिलमिलीच्या थरात समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म फोरॅमिनिफेरांची कवचे मिळाली आणि ती महाविनाशानंतरच्या अगदी सुरुवातीच्या काळातली निघाली. समुद्राचा एक फाटा तेव्हा मध्य भारतापर्यंत पोचला होता, असा त्यातून निष्कर्ष निघाला.

मग डायनासोर कशाने गेले? 1980 मध्ये लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी, फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांच्यासह, त्या सीमेवरच्या मातीत इरिडियमचे प्रमाण भलतेच वाढलेले दाखवले आणि सुमारे 10 किलोमीटर व्यासाचा अशनी आदळल्याचे अनुमान काढले. मेक्सिकोतले चिक्शुलूबचे विवर ही त्याची खूण. प्रिन्स्टनच्या गेर्टा केलर आणि त्यांचे सहकारी दख्खनच्या ज्वालामुखीकडे बोट दाखवतात. 2019 मध्ये लाव्हांच्या वयाचे दोन नवे हिशेब एकाच वेळी प्रसिद्ध झाले आणि बराचसा लाव्हा आघाताआधीचा की नंतरचा, यावर दोन्ही गटांचे एकमत झाले नाही. अशनी हा मुख्य मारेकरी हे मत आज बळकट आहे. माझ्या मते टाकळीचा थर या वादात एक वेगळी साक्ष देतो. लाव्हा कितीही विध्वंसक असला तरी तो सगळीकडे एकदम पोचत नव्हता आणि सलग वाहत नव्हता. म्हणून जीव परत येत राहिले. अशनीने मात्र सगळ्या पृथ्वीवर एकाच वेळी घाला घातला आणि परत यायला जागा ठेवली नाही. सुमारे तीन चतुर्थांश जाती गेल्या.

पिसदुऱ्याचे शेण, कामठीचा कोळसा

नागपूरहून चंद्रपूरच्या वाटेवर वरोरा. त्या तालुक्यातले पिसदुरा हे गाव जगभरच्या जीवाश्म अभ्यासकांना हिस्लॉपच्या काळापासून माहीत आहे. लाव्हाच्या खालच्या लमेटा थरात इथे डायनासोरांची हाडे मिळाली. शेतात गोळ्यांसारखे पडलेले प्राण्यांचे दगड झालेले शेणही विपुल. 2005 मध्ये लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी या शेणात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण दाखवले. तोवर गवत डायनासोरांनंतर आले असे मानत. ती समजूत मागे पडली. 2011 मध्ये त्याच ठिकाणच्या कणांतून भाताच्या कुळाचा मागही लागला. याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीवर सापडलेला अजस्र सांगाडा आज इसिसॉरस कोल्बर्टी म्हणून ओळखला जातो; त्याच्या नावातले 'इसि' हे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे.

कामठीचा दस्तऐवज याहून जुना. कामठी आणि सिलेवाड्याच्या वालुकाश्मात ग्लॉसोप्टेरिस या जिभेच्या आकाराच्या पानांच्या वृक्षांचे ठसे आहेत. गोंडवन खंडभर पसरलेले हे जंगल दबून आपला दगडी कोळसा झाला. पर्मियनअखेरीस समुद्रातल्या दहापैकी आठ-नऊ जाती नष्ट झाल्या, तेव्हा ग्लॉसोप्टेरिसही संपला. त्या महाविनाशामागे सायबेरियातला ज्वालामुखी होता आणि तो इतका जीवघेणा ठरण्याचे एक मोठे कारण असे की, वर येणारा शिलारस तिथल्या कोळशाच्या आणि मिठाच्या थरांतून आला. कोळसा पेटला, कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, तापमान चढले, समुद्रातला प्राणवायू घटला. त्यानंतर सुमारे कोटभर वर्षे पृथ्वीवर कुठेच कोळसा तयार झाला नाही, कारण कोळसा होण्याजोगी दलदलीची जंगलेच उरली नव्हती.

हिस्लॉपच्या संग्रहातले मांगली गावचे एक कवटीचे जीवाश्म रिचर्ड ओवेनने 1855 मध्ये ब्रेकिऑप्स लॅटिसेप्स या नावाने वर्णिले. पसरट डोक्याचा हा उभयचर त्या महाविनाशानंतरच्या ट्रायासिक काळातला मानला जातो. म्हणजे आधीचे जंगल कामठीत आणि नंतर सावरणारे जीवन मांगलीत. त्या जंगलाचा कोळसा मात्र आपण कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांत जाळतो आहोत. सायबेरियात हे काम शिलारसाने केले, इथे आपण बॉयलरमध्ये करतो. रसायन तेच.

आता कुठे आहोत?

'सहावा महाविनाश झाला' असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. महाविनाश म्हणायला भूशास्त्रीय दृष्टीने थोड्या काळात तीन चतुर्थांश जाती जायला हव्यात. अँथनी बार्नोस्की आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये ताळेबंद मांडला तेव्हा सस्तन प्राण्यांच्या 5,570 जातींपैकी गेल्या 500 वर्षांत सुमारे 80 नामशेष झाल्या होत्या. म्हणजे दीड टक्क्याहून कमी. पण वेग पाहा. नैसर्गिक गतीने 10,000 सस्तन जातींमधून शंभर वर्षांत दोन जाती जाव्यात, हा सढळ हिशेब धरला तरी गेल्या शतकातला कशेरुकी प्राण्यांचा ऱ्हास त्याच्या कित्येक पट, काही गटांत शंभरपट निघतो. 2019 च्या आंतरराष्ट्रीय जैवविविधता अहवालाने जगातल्या अंदाजे 80 लाख जातींपैकी 10 लाख धोक्यात असल्याचे सांगितले. आपण महाविनाशाच्या उंबरठ्यावर आहोत. आत पाऊल पडलेले नाही.

नाव यादीतून जाण्याच्या कितीतरी आधी संख्या जाते. गिधाडांइतके याचे चांगले उदाहरण नाही. 1992 ते 2007 या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे 99.9 टक्क्यांनी, लांब आणि बारीक चोचीची सुमारे 97 टक्क्यांनी घटली. कारण 2004 मध्ये कळले: डायक्लोफिनॅक. धंतोलीतल्या दवाखान्यांच्या गल्लीत कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळणारे हे वेदनाशामक. गुराला त्याचे इंजेक्शन द्यायचे, जनावर मेले की गिधाडांनी खायचे आणि मूत्रपिंडे निकामी होऊन, पोटातल्या अवयवांवर युरिक ॲसिडची पांढरी पुटे चढून मरायचे. शंभर मढ्यांतल्या एकात औषध असले तरी इतका ऱ्हास व्हायला पुरेसे होते. 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून 2015 मध्ये इंजेक्शनची कुपी 3 मिलिलिटरची केली. 2023 मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक, पुढे निमेसुलाइड यांवरही जनावरांसाठी बंदी आली. गिधाडे गेल्यामुळे मढी सडली, पाणी बिघडले, भटकी कुत्री वाढली. 2000 ते 2005 या काळात भारतात त्यामुळे सुमारे 5 लाख जादा माणसे दगावली, असा अंदाज 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अर्थशास्त्रीय अभ्यासाने दिला.

2024 च्या जानेवारीत हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रात वाढवलेली गिधाडे पेंच आणि ताडोबात आणली गेली. पण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिलू पाचेक वर्षांनी जोडी जमवण्याजोगे होते. अशा पक्ष्याला सावरायला दोन-चार पिढ्यांची उसंत लागते.

उसंतीबरोबर आसराही लागतो. वन पिंगळा हा घुबडाचा प्रकार 1884 नंतर कुणाला दिसला नव्हता. 1997 च्या नोव्हेंबरात पॅमेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ दिसला, पुढे मेळघाटातही मिळाला. सातपुड्याचे जंगल टिकले म्हणून तो टिकला. उलट माळढोक पाहा. ज्या वरोरा तालुक्यात पिसदुरा आहे, त्याच वरोरा-भद्रावती पट्ट्यातले माळरान विदर्भातल्या माळढोकाचा शेवटचा आसरा ठरले. देशभरात मिळून हा पक्षी दीडशेच्या आसपास उरला आहे आणि तोही मुख्यतः राजस्थानात. महसुली कागदावर माळ 'पडीक' ठरतो, मग तिथे खाण येते, विजेच्या तारा येतात. समोरचे नीट न दिसणारा हा जड पक्षी तारांना धडकून मरतो. गोंदियातले सारस धानाच्या बांध्यांच्या आणि तळ्यांच्या आधाराने तग धरून आहेत. त्यांच्या घटत्या संख्येची 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

टाकळीच्या थरात जीवन परतले, कारण दोन लोटांमध्ये वेळ होता आणि लोट न पोचलेली जमीन शेजारी होती. आज खाण, रस्ता, तार, औषध आणि तापमान एकाच वेळी, सगळीकडे, न थांबता येत आहेत. ज्वालामुखीला थांबा म्हणता येत नव्हते; यातल्या प्रत्येक गोष्टीला म्हणता येते.

विदर्भातल्या वाचकांकडे म्हणून तीन मागण्या. गुरे असतील तर पशुवैद्यांकडे मेलॉक्सिकॅम किंवा टॉल्फेनामिक ॲसिडचाच आग्रह धरा. ही दोन्ही औषधे गिधाडांना अपायकारक नसल्याचे चाचण्यांत दिसले आहे. गावच्या माळाला 'पडीक' म्हणून देऊन टाकण्याचा ठराव ग्रामसभेत आला तर त्याला विरोध करा. आणि टाकळी, गिट्टीखदान, पिसदुरा इथले उरलेसुरले जीवाश्मांचे थर बांधकामाखाली आणि नांगराखाली जाण्याआधी संरक्षित व्हावेत म्हणून महापालिकेकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करा. पहिल्या दोन गोष्टींना सरकारी निधीची गरज नाही. तिसरीला फारसा लागणार नाही.