मार्गदर्शक तत्त्वांना स्वतंत्र नियतकालिक कशासाठी?

‘मार्गदर्शक तत्त्वे’ हा शब्द वैद्यवर्गास आता अपरिचित राहिलेला नाही. केंद्रीय आयुष मंत्रालयाने २०१७ साली आयुर्वेदीय प्रमाणित चिकित्सेची तत्त्वे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ६ ऑक्टोबर २०२० रोजी कोविडसाठी आयुर्वेद व योग यांवर आधारित राष्ट्रीय चिकित्सा-प्रणाली जाहीर झाली. मुरुड-रेवदंड्याच्या वैद्यापर्यंत अशी कागदपत्रे पोहोचतात ती पूर्ण झालेल्या स्वरूपात. अमुक व्याधीत अमुक कल्प, अमुक मात्रा, अमुक दिवस. ही मात्रा कशाच्या आधारे ठरली, समितीत कोणाचा विरोध होता काय, तो का मान्य झाला नाही, पुढे काही विपरीत आढळल्यास मजकूर कोण बदलणार, हे वैद्यास सहसा समजत नाही.

ही उणीव केवळ आयुर्वेदाची नाही. आधुनिक वैद्यकातही मार्गदर्शक तत्त्वे दीर्घकाळ संस्थांच्या पुस्तिकांतून निघत राहिली. ती तयार करणाऱ्या संस्थांचे ‘गाइडलाइन्स इंटरनॅशनल नेटवर्क’ हे आंतरराष्ट्रीय जाळे २००२ साली उभे राहिले आणि त्याचे स्वतंत्र शास्त्रीय नियतकालिक, ‘क्लिनिकल अँड पब्लिक हेल्थ गाइडलाइन्स’, वायली या प्रकाशनसंस्थेकडून २०२४ साली सुरू झाले. संशोधनपर नियतकालिके हजारोंनी असताना या एकाची भर कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे.

शोधनिबंध व मार्गदर्शक तत्त्व यांची जात वेगळी आहे. शोधनिबंध सांगतो की इतक्या रुग्णांत असे आढळले. मार्गदर्शक तत्त्व सांगते की तुम्ही असे करावे. ‘आढळले’ येथून ‘करावे’ येथपर्यंत जाताना पुराव्याचे बळ, अपायाची शक्यता, रुग्णाची पसंती, खर्च आणि समितीतील सभासदांचे हितसंबंध या सर्वांचा विचार होतो. हा विचार बंद दाराआड झाला तर वाचकास तो तपासता येत नाही. पुराव्याची प्रत ठरवून शिफारस प्रबळ की सशर्त हे सांगणारी ‘ग्रेड’ पद्धत, किंवा सहा विभागांत २३ कलमे तपासून मार्गदर्शक तत्त्वाचीच परीक्षा करणारे ‘अ‍ॅग्री-२’ हे साधन, दोन्ही याच गरजेतून निर्माण झाली. नियतकालिकात प्रसिद्ध होण्यापूर्वी त्रयस्थ परीक्षक मजकूर पाहतात, प्रसिद्धीनंतर आक्षेप व उत्तर त्याच ठिकाणी छापले जाते आणि सुधारित आवृत्तीवर तारीख पडते. पुस्तिकेस ही सोय नसते.

आपल्या व्यवसायात याचे महत्त्व किती, हे गुळवेलीच्या प्रकरणाने दाखवून दिले.

२०२०च्या चिकित्सा-प्रणालीत गुडूची घनवटी ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पंधरा दिवस ते एक महिना, अशी शिफारस होती. मात्रा आणि कालमर्यादा दोन्ही लिहिलेल्या होत्या. डॉ. व्ही. एम. कटोच यांच्या अध्यक्षतेखालील आंतरशाखीय समितीच्या अहवालाचा तिला आधार होता. लोकांपर्यंत मात्र त्यातील फक्त ‘गुळवेल घ्या’ एवढेच पोहोचले. घरोघरी काढे सुरू झाले आणि औषधालयांतून संशमनी वटी संपू लागली. कोकणात तर विकत घेण्याचेही कारण नव्हते. वाडीच्या कुंपणावरून वेल तोडून आणावी एवढाच खटाटोप. ठाणे जिल्ह्यात शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन योजनेतून गुळवेल-संकलनाचा व्यवसाय उभारला होता. अशा अनेक कुटुंबांची मिळकत या वनस्पतीच्या लौकिकावर अवलंबून आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

२०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्याच वर्षी निवेदन काढून ओळखीतील गफलतीची शक्यता मांडली: गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया; टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिच्यासारखी दिसणारी, खोडावर ठळक गाठी असलेली वनस्पती वेगळी, आणि यकृतास बाधक ठरल्याच्या नोंदी तिच्या आहेत. २०२२ साली देशातील १३ केंद्रांतून ४३ रुग्णांचा दुसरा अहवाल आला. त्यातील अनेक रुग्णांत स्वप्रतिकारजन्य यकृतविकाराची लक्षणे होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचा पुनरुच्चार केला.

यात कोणाचा पक्ष खरा, हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. कामला व्याधीत गुडूची ग्रंथोक्त आहे. जे द्रव्य आपण यकृतविकारात पिढ्यान्‌पिढ्या देत आलो, त्यावरच यकृतबाधेचा आरोप आल्याने वैद्यवर्ग दुखावला, हे स्वाभाविक होते. परंतु वाद झाला कोठे, ते पाहावे. एक बाजू यकृतविकारांच्या नियतकालिकांत, जी आपल्यापैकी फारच थोडे वाचतात. दुसरी बाजू शासकीय निवेदनांत. आणि उरलेले सर्व वृत्तपत्रांत व भ्रमणध्वनीवरील संदेशांत. शिफारस, तिच्यावरील आक्षेप, आक्षेपाचे उत्तर आणि आवश्यक तर सुधारित शिफारस, ही चारही एकाच ठिकाणी, एकाच वाचकासमोर आली नाहीत. समोर बसलेल्या रुग्णाने ‘गुळवेल घेऊ की बंद करू?’ असे विचारले तेव्हा मुरुडच्या वैद्यास आधार होता तो स्वतःच्या अनुभवाचा आणि कालच्या वर्तमानपत्राचा. पूर्वीपासून स्वप्रतिकारजन्य विकार असलेल्या रुग्णास हे द्रव्य देताना कोणती तपासणी करावी, किती दिवसांनी थांबावे, हे सांगणारे एक तारीखवार सुधारलेले पान त्या वेळी हाती हवे होते.

मतभेद लिहून ठेवण्याची पद्धत आपल्याला परकी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसाव्या अध्यायात रसांची संख्या किती, यावर चैत्ररथ वनात ऋषींची परिषद भरते. भद्रकाप्य एकच रस मानतो, शाकुन्तेय ब्राह्मण दोन, मौद्गल्य पूर्णाक्ष तीन, हिरण्याक्ष कौशिक चार, कुमारशिरा भरद्वाज पाच, वार्योविद सहा, निमि वैदेह सात, बडिश धामार्गव आठ, तर कांकायन अगणित. पुनर्वसू आत्रेय षड्‌रसांचा निर्णय देतात आणि तो का, हेही सांगतात. निर्णय झाल्यावर अमान्य झालेली मते गाळली गेली नाहीत. त्यामुळे आजही विद्यार्थी परीक्षेत केवळ उत्तर नव्हे, तर वादही लिहितो. विमानस्थानातील तद्विद्यसंभाषेचा विधी हा तर परीक्षक-पद्धतीचा जुना अवतारच म्हणावा लागेल. फरक एवढाच की आजचा परीक्षक बहुधा आपले नाव लपवून बोलतो.

महाराष्ट्रात शास्त्रीय नियतकालिक उभे करण्याचा नजीकचा दाखला पुण्याचा आहे. डॉ. भूषण पटवर्धन यांच्या संपादकत्वाखाली २०१० साली ‘जर्नल ऑफ आयुर्वेद अँड इंटिग्रेटिव्ह मेडिसिन’ सुरू झाले. प्रारंभी मुंबईच्या मेडनो प्रकाशनाकडून व पुढे एल्सेव्हियरकडून ते निघू लागले. वाचकांस ते विनामूल्य खुले आहे. परीक्षकांच्या चाळणीतून आयुर्वेदाचे लेखन जाऊ शकते हे त्याने दाखविले. परंतु ते प्रामुख्याने संशोधनाचे नियतकालिक आहे. पुण्याच्याच डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या संधिवातात आयुर्वेदीय कल्पांची तुलना ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्याशी केली. ते काम २०१३ साली ब्रिटिश नियतकालिकात आले. परिणाम तुल्यबळ निघाला, आणि कल्प घेणाऱ्या काही रुग्णांत एसजीपीटी वाढल्याचेही लेखकांनी न लपविता नोंदविले. असे निष्कर्ष चिकित्सालयात कसे उतरवावेत, तपासणी कोणास व केव्हा करावी, हे ठरविणारे दुसरे व्यासपीठ लागते.

असे नियतकालिक आयुर्वेदासाठी काढावयाचे झाल्यास काही गोष्टी टाळता येणार नाहीत. संपादक मंडळात केवळ वैद्य असून भागणार नाही. संख्याशास्त्रज्ञ, वनस्पतितज्ज्ञ, औषधीकरणाचे जाणकार आणि निदान एक आधुनिक चिकित्सक हवा. प्रत्येक लेखकाने कोणत्या औषधनिर्मात्याकडून मानधन घेतले हे पहिल्या पानावर छापावे लागेल. येथे एक अडचण स्पष्टच लिहितो. आपली बहुतेक त्रैमासिके औषधनिर्मात्यांच्या जाहिरातींवर चालतात आणि त्यात गैर काही नाही. पण ज्या पानावर एखाद्या कल्पाची शिफारस आहे, त्याच्या समोरच्या पानावर त्याच कल्पाची रंगीत जाहिरात शोभणार नाही. मग खर्च कोणी करावयाचा? लेखकाकडून शुल्क घ्यावे, तर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या बनावट नियतकालिकांच्या रांगेत उभे राहण्याचा धोका. वर्गणी ठेवावी, तर मुरुडचा वैद्य ते वाचणार नाही. संघटना, महाविद्यालये व शासन यांच्या निधीवर अंक खुला ठेवणे, हाच त्यातल्या त्यात सरळ मार्ग दिसतो.

तोपर्यंत आपल्या हाती काय आहे? औषधाच्या विपरीत परिणामाची नोंद करण्याची आयुष औषधदक्षता यंत्रणा २०१८पासून असून तिचे राष्ट्रीय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात आहे. मार्गदर्शक तत्त्वांची सुधारणा ज्या कच्च्या मालावर होते तो अशा नोंदींतून येतो आणि तो खेड्यापाड्यांतूनच यावयाचा. द्रव्य, मात्रा, अनुपान, किती दिवस घेतले, सोबत कोणती आधुनिक औषधे चालू होती, एवढे केसपेपरवर असले तरी नोंद उपयोगी पडते. औषधालयचालकांकडे याहून मोलाची माहिती असते: कोणत्या निर्मात्याचा, कोणत्या बॅच क्रमांकाचा माल कोणास दिला. सुटी गुळवेल किंवा तिचे चूर्ण विकणाऱ्यांनी माल कोठून आला हे पावतीवर लिहावे, प्रत्येक खेपेतील खोडाचा वीतभर तुकडा तारखेसह कोरड्या बरणीत ठेवावा आणि आपल्या किनाऱ्यावरील पावसाळ्यात त्यास बुरशी धरली नाही ना, हे दर पंधरवड्यास पाहावे. तक्रार आल्यास खोडावर गाठी होत्या की नव्हत्या, हे त्या तुकड्यावरून वनस्पतितज्ज्ञास पाहता येईल.