‘मेट’ आणि संगणकीय पहारा

गडाच्या वाटेवरील चौकीस मराठीत ‘मेट’ ही संज्ञा आहे. मेढ्याच्या वायव्येस मेटतळे व मेटगुताड ही गावे आहेत. त्यांच्या नावांत तीच संज्ञा असावी. संगणकसमूहातील प्रत्येक यंत्रावर जो सुरक्षा-‘एजंट’ बसवितात, त्याच्या ठाण्यासही ती शोभेल. ‘हस्तक’ हा रूढ प्रतिशब्द येथे अनर्थकारक होय.

२०१६ साली निघालेली ‘फाल्को’ ही आज्ञावली या जातीची. एका यंत्रावरील कंटेनर परस्परांपासून विभक्त भासले, तरी सामान्यतः त्यांचा कर्नेल एकच असतो. सबब कर्नेलकडे येणाऱ्या विनंत्यांवर नजर ठेविली असता कोणता कंटेनर अवचित शेल उघडतो, हे उमगते.

परंतु कर्नेलपर्यंत पोच असलेला पहारेकरीच बिघडला तर? १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’च्या सदोष फाइलीने विंडोजची सुमारे ८५ लाख यंत्रे कोलमडली. ती फाइल आज्ञावलीची नवी आवृत्ती नव्हती, केवळ टेहळणीच्या मजकुराची होती. म्हणूनच ती सर्वत्र एकदम गेली. तेव्हा नियमांच्या फाइलीदेखील प्रथम मोजक्या यंत्रांवर चालवून पाहणे अगत्याचे. शिवाय जुना एजंट काढून नवा बसेपर्यंत त्या यंत्रावर पहारा नसतो. यास्तव ही बदली एकेका यंत्रावर क्रमाने करितात.